गाडीसकट बोटीने आइसलंडला

युरोपच्या मुख्य भूमीवरून स्वतःची मोटार घेऊन आइसलंडला जायचे असेल, तर त्यासाठी एकच प्रवासी बोट आहे. स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या फेरो बेटांवरील स्मिरिल लाइन या कंपनीची ‘नोरोना’ डेन्मार्कच्या उत्तर भागातील हिर्ट्सहाल्स बंदरातून निघते, वाटेत फेरो बेटांची राजधानी तोर्शाव्न येथे थांबते आणि आइसलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेयदिस्फ्योर्दुर या लहानशा गावी पोहोचते. कोपनहेगनहून विमानाने रेक्याविकला जायला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. बोटीला, ऐन उन्हाळ्याचे आठवडे सोडले तर, शनिवारच्या दुपारपासून मंगळवारच्या सकाळपर्यंत. माझी लेक आणि जावई डेन्मार्कमध्ये ऑरहूस येथे राहतात. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना त्यांच्याच गाडीने हा प्रवास करण्याचे ठरले. “आई, तीन तासांत पोहोचायचं की तीन दिवसांत?” असे जावयांनी विचारले, तेव्हा आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईने काय उत्तर द्यायचे ते ठरलेलेच होते. माझ्या यजमानांचा थोडा विरोध होता, तो केवळ बोट लागण्याच्या धास्तीने.

तिकिटांचे सगळे काम लेकीने केले, त्यामुळे त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्याचा भाग असली, तरी ती युरोपीय संघात नाहीत आणि एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रातही नाहीत. त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही. व्हिसावर ‘फेरो बेटांसाठी वैध’ अशी वेगळी नोंद लागते. अर्ज करतानाच ती मागून घ्यावी आणि व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा असावा.

शनिवार : हिर्ट्सहाल्सचा धक्का

ऑरहूसहून हिर्ट्सहाल्सला पोहोचायला दोन तास पुरले. गाव लहान, पण बंदर मोठे. नॉर्वेच्या बोटीही येथूनच सुटतात, त्यामुळे कोणत्या बोटीसाठी कोणती रांग, याच्या पाट्या वाचतच गाडी पुढे न्यावी लागते. वर टेकाडावर १८६३ साली बांधलेले पांढरे दीपगृह आहे. वेळ हाताशी होता म्हणून त्याच्या पायथ्याशी जाऊन आलो. वारा असा होता की बोलताना एकमेकांच्या कानाशी तोंड न्यावे लागत होते. यजमानांनी समुद्राकडे एकवार पाहिले आणि खिशातली गोळी तिथेच घेऊन टाकली.

रांगेतल्या गाड्या पाहिल्या की प्रवाशांचे दोन सरळ तट लक्षात येतात. एक आमच्यासारख्या फिरायला निघालेल्यांचा: टपावर तंबू बांधलेल्या, उंच चाकांच्या जीपगाड्या, फिरती घरे, नखशिखान्त चामड्याच्या पोशाखातले जर्मन मोटारसायकलस्वार. दुसरा घरी निघालेल्या फेरोवासीयांचा. त्यांच्या गाड्या साध्या, पण आत सुई ठेवायला जागा नाही. आमच्या पुढच्या गाडीत गुंडाळलेला गालिचा पुढच्या सीटपासून मागच्या काचेपर्यंत आडवा गेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी रंगाचे डबे, बाळाची गाडी आणि एक अख्खे वॉशबेसिन कोंबलेले होते. सुमारे ५४ हजार लोकवस्तीच्या त्या बेटांवर जे मिळत नाही, किंवा मिळाले तरी परवडत नाही, ते सगळे याच बोटीने घरी जाते.

गाडी चढवताना आत फक्त चालकाने बसायचे आणि बाकीच्यांनी टर्मिनलमधून पायी चढायचे, अशी व्यवस्था होती. आतले वर्णन म्हणून जावयांकडूनच ऐकले: खलाशी हाताच्या खुणांनी गाड्या इतक्या चिकटून लावून घेतात की, दार अर्धवट उघडून, पोट आत ओढूनच बाहेर पडावे लागते. ट्रक आणि ट्रेलर जाड साखळ्यांनी डेकला जखडले जातात.

बोट सुटली की गाड्यांचा डेक प्रवाशांसाठी बंद होतो आणि पुढच्या बंदरापर्यंत कोणालाही गाडीपाशी जाता येत नाही. त्यामुळे औषधे, चार्जर, गरम कपडे आणि रात्रीचे सामान यांची वेगळी पिशवी घरूनच भरून आणावी. रांगेत उभे राहून डिकी उपसणारी कुटुंबे आम्ही पुष्कळ पाहिली. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. चोरीचा अलार्म बंद करावा, कारण हेलकाव्यांनी तो वाजत राहतो आणि बॅटरी उतरते. फिरत्या घरात गॅसची टाकी असेल तर तिची चावी बंद करावी. शेवटी डेकचा आणि जिन्याचा क्रमांक टिपून ठेवावा. पहाटे झोपेतून उठून शेकडो गाड्यांत आपली शोधणे सोपे नसते.

यजमान यंत्र अभियंता. निवृत्त झाले तरी यंत्र दिसले की त्यांचे पाय तेथेच खिळतात. आम्ही धक्क्याच्या बाजूच्या डेकवर उभे असताना बोटीचे ते प्रचंड दार बंद होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यामागचा इतिहास सांगितला. अशा बोटींचा गाड्यांचा डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत आडभिंतींविना मोकळा असतो; तेथे पाणी शिरले, तर ते कलत्या बाजूकडे धावते, कल वाढवते आणि बोट बघता बघता उलटू शकते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट पुढचे दार उघडेच राहिल्याने काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे दगावली. टालिनहून स्टॉकहोमला निघालेल्या ‘एस्टोनिया’ या बोटीच्या पुढच्या टोकाचे झाकण २८ सप्टेंबर १९९४ च्या मध्यरात्रीनंतर वादळात तुटले आणि ८५२ जण गेले. या दोन अपघातांनंतर नियम पुष्कळ कडक झाले. दार नीट लागले की नाही हे आता ब्रिजवर, म्हणजे बोट जेथून चालवतात त्या कक्षात, दिव्यांवरून आणि कॅमेऱ्यांतून दिसते. सप्टेंबरच्या अखेरीस उत्तर समुद्रावर निघताना हे ऐकणे फारसे सुखावह नव्हते, परंतु त्याचा एक फायदा असा झाला की सुरक्षेच्या सूचना आम्ही कान देऊन ऐकल्या आणि खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंतची वाट एकदा चालून पाहिली. हे प्रत्येकाने करावे. जेमतेम पाच मिनिटांचे काम आहे.

‘नोरोना’ २००३ साली जर्मनीतील ल्युबेक येथे बांधली गेली. सुमारे १,४८० प्रवासी आणि ८०० मोटारी तिच्यात मावतात. हंगाम सरत आला असल्याने प्रवासी बरेच कमी होते. आमची चौघांची खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची, वरखाली बर्थ असलेली. खिडकीच्या खोलीला जास्त पैसे पडतात आणि दिवसभर माणूस वरच्या डेकवर किंवा दिवाणखान्यात असल्यामुळे ते वाचवायला हरकत नाही, असे माझे मत झाले. सर्वांत स्वस्त जागा गाड्यांच्या डेकच्याही खाली, सामायिक खोल्यांतल्या बर्थवर मिळते. तरुणांना ती चालेल. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी जिन्यांचा विचार आधी करावा.

दुपारी बोट सुटली. दीपगृह, मग वाळूच्या टेकड्या, मग काहीच नाही. पहिली संध्याकाळ डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्यामधल्या स्कागेराकच्या पाण्यात शांतपणे गेली आणि यजमान जेवणाच्या टेबलावर “एवढंच ना?” असे म्हणाले. लेकीने त्यांना तसे न बोलण्याची विनंती केली.

रविवार : सगळा दिवस समुद्र

पहाटे जाग आली तेव्हा बर्थच्या कडेला अडकवलेला टॉवेल भिंतीपासून सुटून हवेत तिरका होत होता आणि पुन्हा भिंतीला टेकत होता. वर आलो. अंधारात, दूरवर तेलविहिरींच्या फलाटांचे दिवे दिसत होते, एका ठिकाणी ज्वाळाही. भोवती वस्तीची एकही खूण नसताना पाण्याच्या मध्यावर पेटलेली ती आग पाहून मी बराच वेळ काचेपाशी उभी राहिले.

बोटीवर फेरो बेटांची वेळ चालते, म्हणजे डेन्मार्कच्या घड्याळाहून एक तास मागे. आइसलंडला उतरताना आणखी एक तास मागे जावे लागते. न्याहारीला त्यामुळे सगळे डेन्मार्कहून आलेले लोक एक तास लवकर हजर आणि फेरोवासी निवांत. राईचा काळा पाव, व्हिनेगरमधले हेरिंग मासे, उकडलेली अंडी, चीज, काकडी. मी मासे खाते, त्यामुळे माझी चंगळ होती. यजमान शाकाहारी, त्यांची गाडी बटाटे, पाव, चीज आणि सॅलड यांवरच फिरत राहिली. लेकीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती, तिने दोन वेळा भागवल्या. शाकाहारी प्रवाशांनी असा सुका शिधा अवश्य न्यावा, परंतु मोजून न्यावा. आइसलंडमध्ये प्रत्येकी तीन किलोपर्यंतच खाद्यपदार्थ करमुक्त नेता येतात, आणि कच्चे मांस, कच्ची अंडी व न तापवलेले दूध यांना मनाईच आहे. बोटीवरील जेवण तिकिटाबरोबर आगाऊ घेतले तर स्वस्त पडते.

न्याहारीनंतर ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली: वारा नैर्ऋत्येचा, वेग वाढणार, स्कॉटलंडच्या उत्तरेकडची शेटलंड बेटे ओलांडल्यावर लाटा मोठ्या होणार, चालताना कठड्याला धरावे. घोषणा फेरोई, डॅनिश आणि इंग्रजी अशा तीन भाषांत झाली; तिन्हींत आवाज सारखाच निर्विकार होता.

बोट लागण्याविषयी आता अनुभवाने सांगते. बोट दोन तऱ्हांनी हलते: लाट समोरून आली की पुढचे टोक वरखाली होते, आणि आडवी आली की बोट डावी-उजवीकडे कलते. पहिल्या हालचालीत टोकाजवळच्या खोल्यांना सर्वांत जास्त झोके बसतात, मध्यावर कमी. दुसऱ्या हालचालीत वरच्या मजल्यांना जास्त, खालच्यांना कमी. म्हणून खोली घेताना बोटीच्या मध्यावर आणि शक्य तेवढी खाली मागावी. गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी, नंतर तिचा उपयोग फारसा होत नाही. पोट रिकामे ठेवू नये आणि भरगच्चही नको. वाचन आणि मोबाइल बंद. एक तर क्षितिजाकडे पाहत बसावे, नाहीतर डोळे मिटून आडवे व्हावे. मधली स्थिती सर्वांत वाईट. सुंठ-गुळाच्या गोळ्या मी चघळत होते. त्यांनी मला बरे वाटले. औषध म्हणून त्या किती लागू पडल्या, हे यजमानांना विचारले तर ते हसतात. ते स्वतः दुपारपर्यंत आडवे होते, परंतु त्यांना बोट लागली नाही, हे त्यांनी ऑरहूसला परतल्यावर सर्वांना सांगितले.

दिवाणखान्यात गोल खिडकीशी एक फेरोई आजी विणत बसल्या होत्या. बोट एवढी कलत असताना लोकरीचा गुंडा त्यांच्या मांडीवरून एकदाही पडला नाही. दोन्ही पायांच्या मध्ये त्यांनी तो असा धरला होता की तो आपल्या जागी गोल फिरायचा. लेक डॅनिश बोलते आणि फेरो बेटांवर शाळेत डॅनिश शिकवतात, त्यामुळे गप्पा जमल्या. नातवाला कोपनहेगनमध्ये शिकायला सोडून त्या परतत होत्या. जाताना त्याच्यासाठी घरचा वाळवलेला मांसाचा तुकडा नेला, येताना सुनेसाठी पडद्याचे कापड आणले. विमान का नाही, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी पडद्याच्या कापडाची चार गाठोडी बोटाने दाखवली. १९८० च्या दशकातल्या जुन्या, याच नावाच्या बोटीवरून त्या लहान मुलांना घेऊन जात असत, तेव्हा मुलांना खुर्च्यांच्या मधल्या जागेत जमिनीवर झोपवत; पूर्वी ही बोट शेटलंडच्या लेरविक बंदरालाही थांबत असे, तेव्हा तेथे उतरून चहा पिऊन परत चढायचे. मला एकदम कळले की आम्ही जिला आयुष्यात एकदाच करायची सफर समजत होतो, ती त्यांच्यासाठी रातराणी एसटी आहे. तशीच ओळखीची माणसे, तसेच दुसऱ्याच्या सामानावर लक्ष ठेवणे, आणि कोण कोणाकडे कशाला गेले होते याची सविस्तर चौकशी. आजींनी आमचीही केली: मुली किती, जावई काय करतात, घर स्वतःचे की भाड्याचे. उत्तरे ऐकून त्यांनी शेजारच्या दोन बायकांना ती फेरोईत सांगितली.

दुसरी ओळख कॅफेटेरियात झाली. एक लिथुआनियन ट्रकचालक, वयाने जावयांएवढा, सूप पीत बसला होता. बहुतेक ट्रेलर चालकाविनाच बोटीवर चढवतात आणि पलीकडे दुसरा चालक ते उतरवून घेतो, परंतु काही ट्रक चालकासह जातात. जाताना भाज्या आणि बांधकामाचे सामान, येताना बर्फातले मासे, असा त्याचा फेरा. बोटीवर तुम्ही काय करता, असे जावयांनी विचारले, तर तो म्हणाला, “झोपतो. इथे कोणी फोन करू शकत नाही.” हे खरे आहे. किनारा सुटल्यावर साधे नेटवर्क जाते आणि फोन बोटीवरच्या उपग्रहावर चालणाऱ्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो, ज्याचे दर अंगावर येतील असे असतात. फोन विमानातल्यासारखा बंद करून ठेवावा.

दुपारनंतर शेटलंडची बेटे दिसली. करड्या ढगाखाली करडीच एक रेघ, आणि तिच्या वर पंख ताठ धरून फुलमार पक्षी. ते बोटीच्या बरोबरीने तासन् तास येत होते आणि तेवढ्या वेळात पंख क्वचितच हलवत होते. शाळेत नकाशावर काठीने दाखवलेली ही जागा: इथे उत्तर समुद्र संपतो आणि अटलांटिक सुरू होतो. पाण्यावर अर्थातच तशी रेघ नसते, पण लाटांची लांबी बदलली, ते आम्हा सगळ्यांना पोटात कळले. तोवरचे झटके आखूड होते. आता बोट एका लाटेवर सावकाश चढायची आणि तितक्याच सावकाश उतरायची. १९०६ साली तारायंत्राची समुद्रतळावरची केबल याच मार्गाने, शेटलंडहून तोर्शाव्न आणि तेथून सेयदिस्फ्योर्दुर अशी टाकली गेली. त्याआधी आइसलंडला जगाची बातमी बोटीच्याच वेगाने पोहोचत असे. ‘नोरोना’चा वेग जास्तीत जास्त २१ नॉट, म्हणजे ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास. आमचा वेग त्या दिवशी त्याहून पुष्कळच कमी होता.

वरच्या डेकवर गरम पाण्याचे हौद आहेत. लेक आणि जावई संध्याकाळी त्यात बसून आले. गळ्यापर्यंत ऊन पाणी आणि डोक्यावर बोचरा वारा, त्यात बोट कलली की हौदातले पाणी एका बाजूला चढते. थोड्या वेळाने वारा वाढला आणि तो डेक बंद करण्यात आला. रात्री जेवणाच्या दालनात आमच्यासह फार थोडी टेबले भरलेली होती. वाढपी मुलगी ताटल्यांचा थर हातावर तोलत, कलत्या जमिनीवरून अशी चालत होती की तिच्यापुरती जमीन सपाटच असावी.

सोमवार : तोर्शाव्नमधली सकाळ

समोरच्या वाऱ्यामुळे बोट वेळापत्रकापेक्षा उशिरा पोहोचली. उजाडताना आम्ही डेकवर आलो, तेव्हा दोन्ही बाजूंना डोंगर होते आणि हालचाल थांबली होती. एवढ्या शांततेत पाय उलट अडखळू लागले. आइसलंडला पुढे जाणाऱ्यांच्या गाड्या बोटीतच राहतात, पण पायी उतरून दुपारपर्यंत शहर पाहता येते. ओळखपत्र आणि बोटीचे कार्ड मात्र जवळ असावे.

फेरोवासीयांच्या गाड्या उतरत होत्या. धक्क्यावर त्यांना घ्यायला माणसे आली होती, आणि त्या गर्दीत आजींची पडद्यांची गाठोडी एका तरुण बाईने हातात घेताना दिसली. आजींनी वर पाहून हात केला.

तोर्शाव्नमध्ये बंदरालगतच सगळे आहे. तिंगानेस हा खडकाळ सुळका म्हणजे शहराचे सर्वांत जुने अंग. लाल रंगाची, छपरांवर गवत वाढलेली लाकडी घरे, आणि त्यांतच सरकारची कार्यालये. एका खिडकीत संगणकासमोर बसलेला अधिकारी दिसत होता आणि त्याच्या डोक्यावरच्या छपरावर गवत वाऱ्याने आडवे झाले होते. दुसऱ्या बाजूला स्कान्सिनचा किल्ला, १५८० साली चाच्यांपासून रक्षणासाठी उभारायला घेतलेला. तेथे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आणलेल्या तोफा अजून आहेत. पाऊस पडत होता, थांबत होता आणि आडवा पडत होता. छत्री निरुपयोगी, टोपीचा रेनकोट हवा. शहरातल्या लाल बस फुकट आहेत, त्यांत बसून एक फेरी मारली तर शहरही दिसते आणि कपडेही वाळतात.

एका उपाहारगृहात माशाचे सूप घेतले. सुटे पैसे परत मिळाले ते नोटा फेरोई आणि नाणी डॅनिश असे. या नोटांचे मूल्य डॅनिश क्रोनरएवढेच, पण डेन्मार्कमधल्या दुकानांत त्या सहसा घेत नाहीत, म्हणून तेथेच संपवाव्यात. आम्ही एक ठेवली, कारण तिच्यावर बेटांचे जलरंगातले चित्र फार देखणे आहे.

दुपारी बोट निघाली आणि उत्तरेकडच्या बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून गेली. या प्रवासात एकच वेळ डेकवर उभे राहायचे असेल, तर ती ही. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाचे उभे कडे, त्यांवर आडव्या पट्ट्या, एकावर एक पायऱ्या रचल्यासारख्या, आणि पायऱ्यापायऱ्यांवरून पडणारे पाणी. मी क्षणभर गोंधळले. पावसाळ्यातला सह्याद्रीच समोर होता, फक्त झाडे काढून घेतलेला. आणि साम्य वरवरचे नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. फेरो बेटांचा बेसाल्टही तशाच थरांचा, पण त्याच्याहून कोटीभर वर्षांनी तरुण. ग्रीनलंड युरोपापासून सुटून अटलांटिक उत्तरेकडे फाकत गेला, तेव्हा तो बाहेर पडला. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजतो, आणि पायऱ्या तयार होतात. इतकी वर्षे फळ्यावर काढलेली आकृती मला समुद्रात सापडली, याचा आनंद मी यजमानांना बराच वेळ सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

बेटे संपली, मोकळा समुद्र लागला आणि पुन्हा झोके सुरू झाले. ध्रुवीय प्रकाश दिसेल म्हणून कित्येक प्रवासी रात्री कॅमेरे घेऊन बसले होते. आकाश रात्रभर ढगाळ राहिले.

मंगळवार : सेयदिस्फ्योर्दुर

सकाळी बोट फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात, शिरली. सुमारे १७ किलोमीटर आत जावे लागते आणि त्या वेळात पाणी आरशासारखे सपाट होत जाते. डोंगरांवर पुन्हा त्याच पायऱ्या. मात्र हा दगड आणखी अलीकडचा, सव्वा कोटी वर्षांच्या आसपासचा. माथ्यांवर नवे बर्फ होते. याच पाण्याच्या तळाशी ‘एल ग्रिल्लो’ ही ब्रिटिश तेलवाहू बोट आहे; १० फेब्रुवारी १९४४ रोजी जर्मन विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले होते.

मग ध्वनिक्षेपकावरून एकेका डेकच्या चालकांना बोलावणे सुरू झाले. जिन्यात सगळे आधीच जाऊन गर्दी करतात. त्याने काहीही लवकर होत नाही. आपला डेक पुकारेपर्यंत खुर्चीत बसून राहावे. सीमाशुल्काच्या रांगेत अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, खाण्याचे काय काय आहे ते विचारले, आणि उरलेल्या दशम्यांचा डबा उघडून वास घेऊन परत दिला. पर्यटकाला आपली गाडी वर्षभरापर्यंत तात्पुरती आणता येते, त्याची नोंद येथेच होते. मासेमारीचे किंवा घोडेस्वारीचे वापरलेले सामान नेणाऱ्यांनी ते निर्जंतुक केल्याचा दाखला जवळ ठेवावा. त्याबाबत येथे फार काटेकोर आहेत.

गावात निळे चर्च आहे आणि त्याच्याकडे नेणारा सप्तरंगी रस्ता. बोटीतून उतरलेले सगळे तेथे छायाचित्रे काढतात आणि तासाभरात निघून जातात. थोडे थांबावे. ती १९०६ ची केबल येथेच जमिनीवर आली. त्या काळाच्या वस्तू जपणाऱ्या तांत्रिक संग्रहालयाचे २०२० च्या डिसेंबरात डोंगर खचून मोठे नुकसान झाले आणि घरेही गेली. उतारावर मातीचा उघडा पट्टा दिसतो. बेकरीतल्या बाईंना बोट आल्याचा दिवस विचारावा लागत नाही, त्या दिवशी पाव दुपारपूर्वीच संपतो.

गावातून बाहेर पडायचा रस्ता एकच. फ्यार्दारहेदी हा सुमारे ६२० मीटर उंचीचा घाट चढून २७ किलोमीटरवरच्या एगिलस्तादिरला जावे लागते. वळणावळणाला धबधबे, आणि वर धुके इतके दाट की रस्त्याच्या कडेचे पिवळे खांब एकामागून एक मोजतच पुढे जायचे. जावई गप्प झाले, म्हणजे रस्ता अवघड होता. शरद ऋतूत येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी रस्ते खात्याच्या संकेतस्थळावर घाटाची स्थिती पाहावी आणि थंडीचे टायर लावलेले असावेत. दिवसाही दिवे चालू ठेवणे आइसलंडमध्ये बंधनकारक आहे; डांबरी रस्त्यावर ताशी ९० आणि खडीच्या रस्त्यावर ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि रस्ता सोडून रानात गाडी घालणे हा गुन्हा आहे. मोठ्या चाकांच्या जीपवाल्यांना हे शेवटचे विशेषकरून सांगावेसे वाटते. एगिलस्तादिरला पेट्रोल आणि किराणा भरून सगळे चार दिशांना पांगले.

परतीचा प्रवास

आइसलंडमधल्या भटकंतीविषयी लिहिण्याची ही जागा नव्हे. परतीच्या बोटीचा मात्र उल्लेख करायला हवा, कारण ती वेगळी होती. समुद्र शांत, वारा पाठीमागून, आणि चढणारे सगळे प्रवासी दमलेले. जीपगाड्या चिखलाने एकाच रंगाच्या झाल्या होत्या. जाताना एकमेकांना न पाहणारे लोक आता कोणाचा टायर कोठे फुटला, हे दाखवत होते. घाटाची आणि हवामानाची खात्री नसल्यामुळे आम्ही आदल्या रात्रीच गावात मुक्कामाला आलो होतो. ही बोट चुकली तर गाडीसाठी दुसरी पुढच्याच आठवड्यात मिळते, तेव्हा तेवढी सवड ठेवावीच.

यजमानांनी या वेळी मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली आग्रहाने घेतली होती. तेथे यंत्रांची घरघर सतत ऐकू येते. मला ती त्रासदायक वाटली. त्यांना मात्र तिच्यामुळेच गाढ झोप लागली, आणि सकाळी त्यांनी यंत्राचे फेरे कधी बदलले, तेही सांगितले.

तोर्शाव्नला पुन्हा काही तास थांबलो आणि सगळ्यांचे एकमत झाले की या बेटांना असे तुकड्यातुकड्याने पाहणे बरोबर नाही. समुद्राखालून जाणारा, आत वर्तुळाकार चौक असलेला ११ किलोमीटरहून लांब बोगदा २०२० साली तेथे सुरू झाला आहे, आणि त्यातून स्वतःच्या हाताने गाडी चालवायची असे जावयांनी जाहीर केले आहे. एकाच तिकिटात फेरोला काही दिवस उतरून पुढच्या फेरीने आइसलंडला जाता येते. त्यासाठी गाडी तोर्शाव्नला उतरवायची असल्याचे आरक्षणाच्या वेळीच सांगावे लागते, कारण कोणती गाडी कोठे उतरणार, हे पाहूनच खलाशी ती डेकवर पुढे लावायची की मागे, हे ठरवतात. लेकीने पुढच्या जूनच्या तारखा पाहायला सुरुवातही केली आहे. यजमानांचा या वेळी विरोध नाही. त्यांनी फक्त खोलीचा मजला कळवला आहे.